तार एकच: टीव्हीचा जाब टाउन हॉल विचारतो, नेटचा कोण विचारणार?

अमेरिकेतल्या केबल कंपनीचं बिल बहुतेक जण तळाचा आकडा बघून भरून टाकतात. टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही एकाच कंपनीकडून घेतलं असेल, तर एकदा ते बिल सावकाश वाचा. टीव्हीच्या खर्चाखाली बहुधा ‘फ्रँचायझी फी’ अशी एक बारीक ओळ सापडेल. इंटरनेटच्या खर्चाखाली ती सापडत नाही. भिंतीतून येणारी काळी तार मात्र दोघांची एकच. हा फरक कळला की नेट बंद पडल्यावर टाउन हॉलमधला, म्हणजे गावच्या पालिकेतला, माणूस “हे आमच्या हातात नाही” का म्हणतो, तेही कळतं. तो टोलवत नसतो. खरंच त्याच्या हातात काही नसतं.

आधी टीव्ही. तार टाकायला कंपनीला गावाचे रस्ते लागतात. ते वापरू देण्याच्या बदल्यात गाव कंपनीशी करार करतं (काही राज्यांत हा करार राज्य सरकार करतं). त्यालाच फ्रँचायझी म्हणतात. १९८४ च्या केबल कायद्याने ही पद्धत देशभर एका चौकटीत बसवली आणि फीची कमाल मर्यादा ठरवली: केबल सेवेच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्के. पुढे केबलचे दर आणि उर्मट सेवा यांवरून लोक इतके वैतागले, की १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने थोरल्या बुश यांचा नकाराधिकार धुडकावून दुसरा कायदा केला. त्याच्या आधारे एफसीसीने, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या दळणवळण आयोगाने, ग्राहकसेवेची मापं घालून दिली. फोन ३० सेकंदांत उचलायचा, एरवीच्या दिवसांत निदान ९० टक्के वेळा. नवी जोडणी साधारणपणे सात कामाच्या दिवसांत. सेवा खंडित झाली तर २४ तासांच्या आत दुरुस्तीला हात घालायचा. माणूस पाठवताना “दिवसभर घरी थांबा” म्हणायचं नाही. फार तर चार तासांची वेळ द्यायची.

यातलं मर्म असं की ही मापं वॉशिंग्टनने आखली असली तरी ती लागू करायचा अधिकार गावाला आहे. गावाने कंपनीला ९० दिवसांची लेखी नोटीस दिली की झालं. याहून कडक नियमही गाव करू शकतं. कराराची मुदत संपत आली की जाहीर सुनावणी होते, तेव्हा माइकसमोर उभं राहून कुणीही नागरिक कंपनीची लक्तरं काढू शकतो.

आता नेट. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याच तारेतून इंटरनेट येऊ लागलं तेव्हा गावांना वाटलं, तार आपल्या करारातली, म्हणजे नेटही आपल्याच करारातलं. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराने हे करून पाहिलं. एटी अँड टी कंपनी तिथली केबल कंपनी विकत घेत होती. शहराने अट घातली, की केबलवरचं इंटरनेट इतर नेट कंपन्यांनाही खुलं करा. एटी अँड टी कोर्टात गेली. पहिल्या फेरीत शहर जिंकलं, पण जून २००० मध्ये नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायविभाग) अपील कोर्टाने निकाल फिरवला. केबलवरून येणारं इंटरनेट ही कायद्याच्या भाषेत ‘केबल सेवा’च नाही, म्हणून फ्रँचायझीच्या जोरावर शहराला त्यात हात घालता येत नाही, असं कोर्टाने सांगितलं.

मग ते आहे तरी काय? मार्च २००२ मध्ये एफसीसीने त्यावर ‘माहिती सेवा’ असा शिक्का मारला, म्हणजे कडक नियमांखाली येणारी ‘दूरसंचार सेवा’ नव्हे, आणि जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो मान्य केला. विरोधी मतात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी पिझ्झाचा दाखला दिला. पिझ्झावाला पिझ्झा घरी आणून देतो आणि वर म्हणतो, आम्ही डिलिव्हरी देतच नाही. कुणी ऐकून घेईल का? तारेतून नेट घरी पोचवणं हीसुद्धा अशीच डिलिव्हरी, म्हणजे दूरसंचार सेवा, असं त्यांचं म्हणणं. मला हा युक्तिवाद आजही पटतो, पण तो हरला. त्यानंतर शिक्का दोनदा बदलला आणि दोनदा पूर्वपदावर आला. शेवटची पलटी जानेवारी २०२५ मधली.

नावाच्या या खेळाने गावांचं दुहेरी नुकसान झालं. नेटच्या उत्पन्नावर फी मिळेना आणि नेटच्या दर्जाबद्दल बोलताही येईना. ओरेगनमधल्याच यूजीन शहराने ब्रॉडबँडवर वेगळी ७ टक्के फी लावली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलूनही धरली. पण २०१९ मध्ये एफसीसीने अशा फीवर बंदी घातली आणि २०२१ मध्ये सहाव्या सर्किटच्या कोर्टाने बंदीला दुजोरा दिला.

मग नेटचा वेग कोण तपासतं? खरं सांगायचं तर ‘किमान इतका वेग द्यायलाच हवा’ असं टीव्हीसारखं बंधन कुणीच घातलेलं नाही. २०२४ पासून कंपन्यांना खाद्यपदार्थाच्या पुड्यावर असतं तसं लेबल द्यावं लागतं, त्यावर नेहमी मिळणारा वेग लिहावा लागतो. म्हणजे सांगितलं ते दिलं की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो राज्यांच्या ॲटर्नी जनरलना, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांना, विचारता येतो. न्यूयॉर्कने चार्टर कंपनीवर जाहिरातीतल्या वेगावरून खटला भरला आणि डिसेंबर २०१८ मध्ये १७ कोटी ४२ लाख डॉलरची तडजोड झाली. मुद्दा वाईट सेवेचा नव्हता, खोट्या जाहिरातीचा होता. टेनेसीतल्या चॅटनूगाने तिसरीच वाट धरली: शहराच्या वीज कंपनीने स्वतःच फायबर टाकलं आणि २०१० मध्ये एक गिगाबिटचा वेग विकायला काढला.

पुण्या-मुंबईत केबलवालाच नेटवाला असला तरी गोंधळाची तऱ्हा वेगळी आहे. दूरसंचार आणि प्रसारण हे विषय राज्यघटनेच्या केंद्रसूचीत असल्याने टीव्ही आणि नेट या दोन्हींच्या दर्जाचे नियम ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, करते. महापालिकेच्या हाती उरते रस्ता खोदायची परवानगी आणि लोंबणाऱ्या तारा. वेगाची तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जाण्यात अर्थ नाही. ट्रायही एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग तिचंच अपील प्राधिकरण. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत एक सोय आहे: घरच्या तारेवरच्या (वायरलाइन) जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक युक्ती. नेट गेलं की आधी टीव्ही लावून बघा. तारेतच बिघाड असेल तर बहुधा दोन्ही बंद असतात, आणि बंद टीव्हीच्या तक्रारीत टाउन हॉलला (करार राज्याचा असेल तर राज्य सरकारला) लक्ष घालता येतं. तार दुरुस्त झाली की नेटही आपोआप परत येतं.