शेवटचं पान फाटलेला वेताळ

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. आम्ही कूलरपुढे लोळत इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो. भाड्याने आणलेल्या अंकांची शेवटची पानं बहुधा गेलेली असत. मग उरलेली गोष्ट आतेभाऊ सांगायचा. ‘फॅन फिक्शन’, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर स्वतः रचलेल्या गोष्टी, हा शब्द आमच्या कानावर पडायला अजून बरीच वर्षं होती.

जुन्या सुपरहिरोंच्या गोष्टींत मधलं काहीतरी गायब असतंच. १९३८ मध्ये सुपरमॅन आला तो दहा सेंटच्या अंकात. वाचायचा आणि रद्दीत घालायचा; मागचं-पुढचं जुळतंय का, हे कोण पाहणार? पण साठच्या दशकात वाचक जुने अंक हुडकून ताडून पाहू लागले. १९६१ मध्ये जेरी बेल्सने ‘ऑल्टर इगो’ ही हौशी पत्रिका काढली. तिच्यात हातभार लावणारा रॉय थॉमस १९६५ मध्ये थेट मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत लेखक म्हणून रुजू झाला. म्हणजे चुका हेरणाराच आत शिरला.

सगळ्यात मोठं भगदाड कॅप्टन अमेरिकाच्या गोष्टीत. १९६४ मध्ये मार्व्हलने त्याला बर्फातून काढलं आणि सांगितलं, हा गडी १९४५ पासून गोठलेला होता. झकास! फक्त १९५३-५४ मध्ये हाच कॅप्टन कम्युनिस्टांना बडवताना छापून गेला होता, तोही याच कंपनीच्या आधीच्या अवतारात. मग तो कोण? १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने उत्तर लिहिलं: कॅप्टनचा एक वेडा चाहता. त्याला जुन्या कागदपत्रांत शक्तिद्रव्याचं सूत्र सापडलं, त्याने शस्त्रक्रियेने चेहरा बदलला, कॅप्टनचं नावही घेतलं आणि अर्धवट प्रयोगाने त्याचं डोकं फिरलं. गोष्टीतलं भोक बुजवायला चाहताच आणून बसवला! याहून सुबक ठिगळ मी तरी पाहिलेलं नाही.

तरी १९४५ ते ४९ चे अंक उरलेच; त्यांतही कॅप्टन होता. १९७७ मध्ये थॉमसने तिथे आणखी दोघांना कॅप्टनच्या पोशाखात उभं केलं. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ही युक्ती काही नवी वाटू नये.

फॅन फिक्शनवाल्यांतले कट्टर लोक आजही याच शिस्तीने लिहितात: छापलेल्या चौकटीला हात लावायचा नाही, जे काही घडवायचं ते दोन चौकटींमधल्या पांढऱ्या जागेत.

आपल्याकडे भोकं वेगळ्या कारणाने पडली. ली फॉकचा वेताळ (मूळचा ‘फँटम’) १९३६ पासून वर्तमानपत्रांतल्या पट्ट्यांत होता. इंद्रजालने १९६४ ते १९९० या काळात त्या पट्ट्या आपल्या पानांत बसवल्या, त्यात चौकटी कापल्या गेल्या. शिवाय भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून वेताळाच्या ‘बंगाला’ या काल्पनिक देशाचं डेंकाली झालं आणि चाच्यांच्या टोळीच्या नावातल्या ‘सिंग’चं ‘सिंगा’.

पुढे नागपुरातल्या बर्डीवर फुटपाथच्या ढिगात आम्ही वाचलेल्यांपैकी एक अंक धड सापडला. उभ्याउभ्याच शेवटचं पान काढलं. वेताळ दोन ठोशांत काम आटोपून गुहेकडे परततो, बस. आतेभावाच्या गोष्टीत मात्र ‘अबे, पळून पळून जातीन कुठं?’ म्हणत त्याने सगळे चाचे अंबाझरी तलावात बुडवले होते. अंक परत ढिगात ठेवला.