दिव्यांग दूरचित्रवाणी अभिनेता

कायमस्वरूपी शारीरिक, दृष्टीविषयक, श्रवणविषयक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेला आणि मालिका, वेबमालिका वा छोट्या पडद्यावरील इतर कार्यक्रमांत व्यवसाय म्हणून अभिनय करणारा कलाकार. धडधाकट नटाने रंगवलेली अपंग भूमिका या व्याख्येत बसत नाही. आपल्या घराघरांत मात्र तीच जास्त ओळखीची आहे. सहा महिने चाकाच्या खुर्चीत बसलेली सासू लग्नाचा ट्रॅक आला की उठून उभी राहते, आणि प्रेक्षकांनाही ते आधीपासून ठाऊक असते.

सरकारी कागदपत्रांत ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द रुळला, तरी चळवळीतल्या अनेकांना तो पटलेला नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि त्यांत खुजेपणाही आला. सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांचा दाखला लागतो. याच कायद्याचे 29 वे कलम सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. कलावंतांना अर्थसाहाय्य, कलाशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत योग्य ते बदल, कर्णबधिरांसाठी दूरचित्रवाणीवर सांकेतिक भाषा वा उपशीर्षके, असे बरेच काही त्यात लिहिले आहे. 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरील अपंगांच्या चित्रणाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद वेगळा, हा त्या निकालातला फरक मालिका लिहिणाऱ्यांनी टेबलावर चिकटवून ठेवावा असा आहे.

भारतीय दूरचित्रवाणीवरील सर्वांत ठळक कारकीर्द सुधा चंद्रन यांची. 1981 साली तमिळनाडूत बस अपघातात त्यांच्या पायाला इजा झाली, पुढे गँगरीन झाले आणि पाय कापावा लागला. त्या भरतनाट्यम नर्तकी होत्या. जयपूर फूट बसवून 1984 मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. रबर आणि लाकडाचे हे पाऊल घोट्यात बऱ्याच दिशांना वळते, त्यावर उकिडवे बसता येते आणि अनवाणी चालता येते. बुटात घालायच्या परदेशी पायावर नृत्य कठीणच होते. त्यांच्याच आयुष्यावरच्या ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःची भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. त्यांचे खरे यश त्यानंतरचे. 2001 साली सुरू झालेल्या ‘कहीं किसी रोज’ मालिकेतल्या रमोला सिकंदने त्यांना घरोघरी पोचवले आणि रमोलाची ओळख ठरली ती कपाळावरच्या भल्यामोठ्या नक्षीदार टिकल्या. चित्रपटात पाय हाच विषय होता, मालिकेत तो विषय उरला नाही. पाय बातमीत परत आला तो 2021 मध्ये. विमानतळावर प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो अशी तक्रार त्यांनी जाहीरपणे केली आणि सुरक्षा दलाने माफी मागितली.

अपंगत्व असे विषयाबाहेर ठेवण्याची सोय सगळ्यांनाच नसते. नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची 62.8 सेंटिमीटर. 2011 मध्ये अठराव्या वाढदिवशी जगातील सर्वांत बुटकी महिला म्हणून त्यांची नोंद झाली आणि 2014 मध्ये ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ या अमेरिकी मालिकेत त्यांना भूमिका मिळाली. ही भूमिका उंचीमुळेच मिळालेली आणि उंचीपाशीच थांबणारी. लिलिपुट या नावाने काम करणारे खुजे अभिनेते दूरदर्शनच्या काळापासून हसवत आले. ‘मिर्झापूर’ या वेबमालिकेत दद्दा त्यागी हा गुंडांचा म्होरक्या त्यांच्या वाट्याला आला तोवर 2020 साल उजाडले होते. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेतल्या आर. जे. मिट यांची तऱ्हा उलटी. त्यांना स्वतःला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर पुरता ताबा न राहणे, आहे, पण पात्राची तीव्रता त्यांच्यापेक्षा जास्त असल्याने कुबड्यांवर चालणे आणि अडखळत बोलणे त्यांना शिकून घ्यावे लागले.

नाशिकमधून या विषयाकडे पाहिले तर शहराचा त्याच्याशी संबंध जुना आहे. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट शिकण्याच्या नादात इतके चित्रपट पाहिले की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. लगेच 1913 मध्येच त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला आणली. आज शहरातल्या दिव्यांग मुलाची अभिनयाशी पहिली गाठ बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनात पडते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी रजनी लिमये यांनी 1977 मध्ये सुरू केलेली प्रबोधिनी ही इथली जुनी संस्था. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा ही त्यापुढची पायरी. मोठ्यांसाठी राज्य नाट्य स्पर्धेचे नाशिक केंद्र आहे, पण तिथे वेगळा गट नाही, सर्वांच्या बरोबरीनेच उतरावे लागते. प्रस्तुत लेखकाला हे योग्यच वाटते. अडचण विंगेतल्या पायऱ्यांची आहे. प्रेक्षकांसाठी दाराशी उतार केलेला असतो, मेकअप रूममधून रंगमंचावर जाणाऱ्यासाठी तो कुणाला सुचलेला नसतो. दृष्टिहीनांच्या रंगभूमीत मराठीत दिग्दर्शक स्वागत थोरात यांचे काम मोठे आहे. ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक त्यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊनच बसवले.

सेटवरचे जग निराळे असते. दैनंदिन मालिकेची शिफ्ट बारा-तेरा तासांची. नटाने कुठे थांबायचे ते जमिनीवर चिकटपट्टीने दाखवलेले असते, त्याला ‘मार्क’ म्हणतात. कुबडीवर चालणाऱ्याचा मार्क पावलाचा धरायचा की कुबडीच्या टोकाचा, हे आधी ठरले नाही तर फोकस हुकतो. कुबडीच्या तळाचे रबरी बूच झिजले असेल तर गुळगुळीत फरशीवर प्रत्येक पावलाला ‘टक’ वाजते आणि साउंडवाला कट मागतो. मुरलेले नट बुचांची जादा जोडी खिशातच ठेवतात. दृष्टिहीन नटासाठी मार्कच्या जागी गालिच्याखाली दोरी घातली की पावलाला ती कळते. कर्णबधिर नटाला संवादाचा शेवट ऐकू येत नसल्याने समोरच्याने भुवई उचलणे, हात खाली घेणे असा दिसणारा क्यू, म्हणजे बोलण्याचा इशारा, द्यावा लागतो. कृत्रिम पाय लावणाऱ्याचे हाल दुपारनंतर सुरू होतात. दिव्यांच्या उष्णतेने सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीत, घाम साचतो, कातडी सोलवटते, म्हणून मधल्या वेळात पाय काढून बसायला जागा लागते. व्हॅनिटी व्हॅन त्यासाठीच आहे, पण तिची लोखंडी शिडी अरुंद आणि उभी असते.

नाशिकच्या नटाला याच्या आधी कसारा घाट उतरायचा असतो. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला चित्रीकरण असेल तर माजिवड्याला उतरून काम भागते. मुंबईत गोरेगावची चित्रनगरी किंवा मढ म्हटले की पुढचे अंतर पुन्हा गर्दीतून काढायचे. एसटीत 75 टक्के सवलत आहे, पण पहाटे अंधारात फलाटावर बस लागली की चढायची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. मानधन दिवसावर ठरते आणि हातात पडायला साधारण तीन महिने लागतात. मदतनिसाची रोजंदारी मात्र त्याच दिवशी स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. त्यामुळे बरेच जण आवाजाच्या कामाकडे, डबिंग आणि आकाशवाणीकडे वळतात.

2020 च्या टाळेबंदीनंतर ऑडिशन मोबाइलवर आली आणि निदान पहिली फेरी घरबसल्या होऊ लागली. नाशिकरोडच्या दोन खोल्यांत एका भिंतीवरचे कॅलेंडर काढायचे, खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे, बहिणीने मोबाइल धरायचा. नाव, वय, उंची, गाव. मग डावी बाजू, उजवी बाजू, शेवटी संवाद. मागणी कमरेपासून वरच्या फ्रेमची असते. त्या फ्रेममध्ये कुबडी दिसत नाही, फक्त एक खांदा किंचित उचललेला राहतो. काही जण नावाबरोबरच कुबडी उचलून दाखवतात. काही जण प्रत्यक्ष भेटीचे बोलावणे येईपर्यंत तिचा उल्लेख करत नाहीत.