पार्श्वभूमी : माजी सैनिकांची थेरपी फोनवर कशी आली

व्हिएतनामहून परतलेल्यांनी रेटा लावला आणि १९८० मध्ये पीटीएसडी (भीषण प्रसंगानंतर मनावर दीर्घकाळ राहणाऱ्या आघाताचा आजार) हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं. तो इतिहास बराच उगाळून झालाय. अ‍ॅपची गोष्ट इराक-अफगाणिस्तान युद्धांच्या काळातली.

तोवर ‘पीई’ (प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, म्हणजे टाळलेल्या आठवणींना नि गोष्टींना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं) नावाची उपचारपद्धत रुळली होती. साधारण ९० मिनिटांच्या सत्रात रुग्ण डोळे मिटून आघाताचा प्रसंग आत्ता घडत असल्यासारखा सांगतो. ते रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. शिवाय गृहपाठ : जे भीतीने टाळलं जातं तेच करायचं, जसं हॉटेलात दाराकडे पाठ करून बसायचं, अस्वस्थता ० ते १०० मध्ये मोजायची, बसण्याआधी किती, कमाल किती, उठताना किती. टेपरेकॉर्डर एकीकडे, कागद दुसरीकडे. कागद हरवायचे, नाहीतर सत्राच्या तोंडावर घाईघाईत भरले जायचे.

२०११ मध्ये अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं आणि संरक्षण खातं यांनी मिळून ‘पीटीएसडी कोच’ हे अ‍ॅप काढलं; फुकट आणि कुणालाही वापरता येईल असं. पुढच्याच वर्षी आलेलं ‘पीई कोच’ मात्र थेरपिस्टसोबतच वापरायचं होतं. रेकॉर्डिंग, आकडे, श्वासाचा सराव, पुढची तारीख, सगळं एकाच जागी.

वाद झाला तो माहितीवरून. रुग्णाने काय लिहिलं, काय बोलला, ते त्याच्याच फोनवर राहील, खात्याच्या नोंदींत आपोआप जाणार नाही, असं ठरलं. उपचार करणाऱ्यांची अडचण खरी होती : गृहपाठ झाला का, हे पुढच्या भेटीपर्यंत कळणार नाही, फोन हरवला तर रेकॉर्डिंगही गेलं. दोन भेटींच्या मध्ये कुणाची तब्येत ढासळली तर अ‍ॅप कुणालाच कळवणार नाही, हा आक्षेप तर त्याहून गंभीर. पण पलीकडच्या बाजूला काय होतं? नोंद झाली की बढती अडेल, हत्यार काढून घेतील, ही फौजेतली जुनी धास्ती. नोकरी सुटली तरी ती सुटत नाही. आपलं बोलणं कुठल्या कार्यालयात ऐकलं जाणार नाही, याची खात्री नसती तर अनेकांनी रेकॉर्डचं बटणच दाबलं नसतं. सोयीपेक्षा विश्वास आधी, हा क्रम सरकारी कामात क्वचितच दिसतो.

त्यानंतर झोपेसाठी, इतर थेरपींसाठी अशीच अ‍ॅप्स आली. २०२० मध्ये सत्रंच व्हिडिओवर गेली, तेव्हा थेरपिस्टच्या टेबलावर फोन ठेवून आकडे दाखवायची सोयही गेली. ते वाचून दाखवा, नाहीतर स्वतःहून पाठवा.