मिडब्रेन बंद असतं तर पोरगं क्लासला आलंच नसतं

गंगापूर रोडला परवा पुन्हा तसला बोर्ड दिसला, मिडब्रेन ॲक्टिव्हेशन, म्हणजे मुलांचं ‘बंद’ मिडब्रेन चालू करून देणारा क्लास, म्हणे मुलं मग डोळ्याला पट्टी बांधून वाचतात. (नाकाच्या बाजूच्या फटीतून कोणीही वाचेल, अंनिसवाल्यांना विचारा.) अहो, मिडब्रेन खरंच बंद असतं तर पोरगं आयसीयूत असतं! मिडब्रेन म्हणजे ब्रेनस्टेमचा, मेंदूच्या देठाचा, वरचा भाग; त्याला जबर मार बसला की माणूस कोमात जातो, आणि १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी गुंगीतल्या मांजरांच्या ब्रेनस्टेमला करंट दिला तर ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) थेट जाग्या मेंदूसारखा झाला.

पण जाग खालून येत असली तरी जाणिवेला पुढचा मेंदू लागतो, म्हणजे कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आणि मेंदूच्या मध्यात बसलेला माझा लाडका थॅलॅमस. नुसत्या पेशी मोजून उपयोग नाही, ८६ अब्जांपैकी ६९ अब्ज न्यूरॉन लहान मेंदूत आहेत आणि तो बिघडला तर तोल जातो, शुद्ध नाही.

वास सोडला तर डोळे, कान, त्वचा सगळ्यांची खबर थॅलॅमसमधूनच वर जाते. जागेपणी त्याच्या पेशींना खालून ॲसिटिलकोलिन हे रसायन मिळतं, ते पोटॅशियमची गळती थांबवतं, व्होल्टेज उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास राहतं आणि आलेली खबर स्पाइकमागून स्पाइक (पेशीचा विजेचा झटका) वर जाते. झोप लागली की ॲसिटिलकोलिन घटतं, व्होल्टेज अजून खाली जातं, आणि जागेपणी लॉक असलेले टी-टाइप कॅल्शियम चॅनल (पेशीत कॅल्शियम आत सोडणारी दारं) आता उघडायला तयार होतात, जरा धक्का बसला की कॅल्शियम आत आणि स्पाइकची एकदम झुंबड, की लगेच शेजारचा रेटिक्युलर न्यूक्लियस (थॅलॅमसभोवतीचा पेशींचा पातळ थर) गाबा हे पेशींना शांत करणारं रसायन सोडून व्होल्टेज परत खाली ओढतो, चॅनल परत तयार, परत झुंबड. सेकंदाला १२-१४ वेळा हे चाललं की ईईजीवर स्पिंडल, म्हणजे झोपेतल्या लाटांचे छोटे झुबके, दिसतात.

पुढे गाढ झोपेत कॉर्टेक्सच्या लाटा संथ आणि भल्यामोठ्या होतात, मिरवणुकीतल्या नाशिक ढोलासारख्या, सगळे एकाच ठोक्यावर, आवाज प्रचंड पण शेजारच्याशी बोलायची सोय नाही. स्वप्नांच्या झोपेत मात्र ॲसिटिलकोलिन परत वाढतं, नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही जागेपणीची रसायनं जवळजवळ बंद, म्हणून आतलं जग चालू आणि बाहेरचं नाही.

भूल देताना प्रोपोफॉल हे औषध हाच गाबाचा परिणाम वाढवतं. केटामिन या दुसऱ्या भुलीच्या औषधाचं वेगळंच, ते एनएमडीए रिसेप्टर (पेशींना उत्तेजित करणारा संदेश घेणारी जागा) अडवतं आणि पेशंट डोळे उघडे ठेवून गायब.

२००७ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात तर सहा वर्षं जेमतेम शुद्धीत असलेल्या एका पेशंटच्या थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवले, आणि तो वस्तूंची नावं सांगायला आणि तोंडाने खायला लागला. अर्थात त्याच्या कॉर्टेक्समधलं भाषेचं जाळं बऱ्यापैकी शाबूत होतं, हे आधीच स्कॅनमध्ये दिसलं होतं.