लहान अडतो, मोठा जातो

मेंदूत वीज खेळते, हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की त्याच्या आडून काहीही खपवता येतं. मेंदूची वीज ‘संतुलित’ करणारी कडी, कपाळाला बांधायचे चुंबकाचे पट्टे, झोपेत ‘जैवविद्युत’ भरून देणाऱ्या चटया, आणि एकाग्रतेसाठी पोटॅशियमची चूर्णं. ही वीज नक्की कशाची, एवढं विकणाऱ्याला विचारून पाहावं. त्याच्या डोळ्यांपुढे तारच असते. तारेत इलेक्ट्रॉन सरकतात. मेंदूत खारट पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पेशीच्या आत-बाहेर करतात, आणि तेही ठरलेल्या दारांतूनच. या दारांपैकी पोटॅशियमचं दार मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. ते शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या लिली जॅन यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडी उजळणी. चेतापेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, लिटरला साधारण १४० मिलिमोल. बाहेर जेमतेम ४ ते ५. सोडियमचं नेमकं उलट. पेशी स्वस्थ असताना पोटॅशियमची काही दारं उघडी असतात, त्यामुळे धनभारित पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं आणि आतली बाजू ऋण होते, सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. संदेश जायची वेळ आली की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. मग पोटॅशियमची आणखी दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा जागेवर येते. हा सगळा खेळ मिलिसेकंदांचा. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर मोजमापं करून त्याची समीकरणंच मांडली आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. सोडियम हा अ‍ॅक्सिलरेटर आणि पोटॅशियम हा ब्रेक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजेल.

आता गंमत बघा. सोडियम आयनची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३३. (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटींवा भाग.) दोघांवर भार सारखाच, एक धन. चाळणी असती तर लहान पडला असता आणि मोठा वर राहिला असता. पोटॅशियमच्या दारात मोठा सुसाट जातो आणि लहान अडतो. दहा हजार पोटॅशियममागे जेमतेम एखादा सोडियम निसटत असेल. एवढी कडक तपासणी म्हणजे रांग लागणार असं वाटेल, पण एका दारातून सेकंदाला दहा कोटींच्या आसपास आयन जाऊ शकतात. कडक निवड आणि प्रचंड वेग एकाच ठिकाणी कसे नांदतात, हे कोडं काही दशकं पडून होतं. कारण दार कशाचं बनलंय हेच कुणाला माहीत नव्हतं.

लिली जॅन यांचा जन्म १९४७ सालचा, चीनमधल्या फूचौचा. वाढल्या तैवानमध्ये, शिकल्या भौतिकशास्त्र. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये गेल्या त्याही भौतिकशास्त्रासाठीच. तिथे होते मॅक्स डेलब्रुक, स्वतः भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्रात आलेले. त्यांच्या प्रभावाने लिली आणि त्यांचे पती युह नुंग जॅन दोघांनीही वाट बदलली, आणि पुढे सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. बेन्झर फळमाशीच्या वागणुकीमागची जनुकं शोधत होते. त्या काळी बऱ्याच मंडळींना हा वेडेपणा वाटायचा.

त्या माश्यांमध्ये ‘शेकर’ नावाचा एक वाण होता. माश्यांना इथरची भूल दिली की त्या निपचित पडतात. शेकर माशीही आडवी पडते, पण तिचे सहाही पाय थरथरत राहतात, झटके देत राहतात. अशाच दुसऱ्या एका वाणाचं नाव ‘ईथर-ए-गो-गो’ ठेवलंय, त्या काळच्या नाचावरून. नाव ठेवणाऱ्यांची हौस दांडगी. हाच जनुक पुढे औषध कंपन्यांची झोप उडवणार आहे, हे त्यांना तेव्हा कुठून माहीत असणार!

पाय थरथरतात म्हणजे कुठेतरी ब्रेक नादुरुस्त आहे. कुठे, ते पाहायला जॅन दांपत्याने माशी बाजूला ठेवून तिची अळी घेतली. अळी उभी चिरून सपाट पसरायची, आतले स्नायू उघडे करायचे, चेतातंतूला विजेचा बारीक धक्का द्यायचा आणि स्नायूत खुपसलेल्या काचेच्या अतिसूक्ष्म नळीतून प्रतिसाद मोजायचा. साध्या अळीत प्रतिसाद आटोपशीर येतो. शेकरच्या अळीत तो अवाढव्य आणि लांबलेला आला, म्हणजे चेतातंतूचं टोक संदेशाचं रसायन ओततच राहत होतं. १९७७ साली हे निष्कर्ष छापून आले. त्यातला मला आवडणारा पुरावा वेगळाच आहे. निरोगी अळीवर त्यांनी ४-अमिनोपायरिडिन हे पोटॅशियमची दारं तुंबवणारं रसायन सोडलं, तर तीही शेकरसारखीच वागू लागली. बिघाड पोटॅशियमच्या दारात आहे, हा अंदाज तिथे पक्का झाला. अंदाजच, कारण जनुक हातात नव्हता.

तो मिळवायला आणखी दहा वर्षं लागली. ही दारं म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेली प्रथिनं. सोडियमच्या दाराचं प्रथिन विद्युत ईल माशात खच्चून भरलेलं असतं, ते गाळून, शुद्ध करून १९८४ साली त्याचा जनुक वाचून झाला होता. पोटॅशियमच्या दारांचा असा कुठलाच साठा निसर्गात सापडत नव्हता. शिवाय त्यांचे प्रकार अनेक आणि प्रत्येक प्रकार थोडाथोडा. तेव्हा प्रथिन न पकडता थेट जनुकाकडे जायचं, गुणसूत्रावर ओळखीच्या जागेपासून निघून डीएनएचे एकमेकांवर चढलेले तुकडे जोडत शेकरच्या बिघाडापर्यंत पोचायचं, असा मार्ग त्यांनी धरला. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत हुशार निर्णय हाच. रसायनशास्त्राने हात टेकले तिथे आनुवंशिकीने काम केलं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या त्यांच्या गटाने (पापाझियन, श्वार्झ, टेम्पल हे त्यातले बिनीचे) शेकर जनुक हस्तगत केला. आणखी काही गटही त्याच सुमारास तिथे पोचले होते. पुढच्या वर्षी या जनुकाचा आरएनए बेडकाच्या मिलिमीटरभर अंड्यात टोचला, तर एरवी गप्प असलेल्या अंड्यातून पोटॅशियमचा प्रवाह वाहू लागला. संशयाला जागा राहिली नाही.

एक जनुक हाती आल्यावर बाकीचे भराभर सापडत गेले. माणसात पोटॅशियमच्या दारांचे सुमारे ८० जनुक आहेत. आणि त्या बहुतेक सगळ्यांत एक छोटा तुकडा जवळपास जसाच्या तसा आहे: थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन. पाच अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या पाच कड्या. माशीत, माणसात, जिवाणूतही. उत्क्रांतीने अब्जावधी वर्षं ज्याला हात लावला नाही तिथेच काहीतरी महत्त्वाचं दडलेलं असणार, हे उघड होतं.

ते डोळ्यांनी दाखवलं रॉडरिक मॅकिनन यांनी. हा माणूस मुळात डॉक्टर. शेकरच्या दारावर विंचवाच्या विषाचे प्रयोग करून दार चार सारख्या तुकड्यांचं असतं हे त्यांनी १९९१ साली सिद्ध केलं, आणि मग क्ष-किरण स्फटिकशास्त्र शिकून घेऊन १९९८ साली एका जिवाणूतल्या पोटॅशियमच्या दाराचा नकाशा काढला. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पीटर अ‍ॅग्रे यांच्याबरोबर विभागून मिळालं.

आता जरा सावकाश वाचा. पाण्यात पोटॅशियम आयन कधी एकटा नसतो. पाण्याच्या रेणूंचे ऑक्सिजन थोडे ऋण, ते या धन आयनभोवती कोंडाळं करतात. दाराचा सर्वांत अरुंद भाग १२ अँगस्ट्रॉम लांब, तिथे पाण्याचं कोंडाळं घेऊन शिरता येत नाही. ते सोडायचं तर ऊर्जा खर्च होते, आणि बदल्यात काही मिळाल्याशिवाय कुठलाही आयन ती खर्च करणार नाही. बदला दार देतं. त्या पाच अमिनो आम्लांचे ऑक्सिजन नळीच्या आत तोंड करून बसलेले असतात, आणि पाण्यात पोटॅशियमपासून पाण्याचे ऑक्सिजन जितक्या अंतरावर असतात तितक्याच अंतरावर. आठ ऑक्सिजन सुटले, आठ मिळाले. पोटॅशियमच्या दृष्टीने हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

सोडियमचं काय? कठडा नसलेल्या अरुंद विहिरीत दोन्ही भिंतींना पाय टेकत मोठा माणूस सहज उतरतो. लहान मुलाचे पाय पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत. सोडियमचं तसंच होतं. तो लहान असल्यामुळे त्याच्याभोवतीचं पाणी त्याला जास्त घट्ट चिकटलेलं, म्हणजे सोडायचा खर्च मोठा. आणि आतले ऑक्सिजन त्याच्यापासून लांब, म्हणजे मोबदला तोकडा. तो बाहेरच थांबतो.

हे स्पष्टीकरण देखणं आहे, पण पूर्ण नाही, आणि पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात याचा मला राग येतो. प्रथिन म्हणजे दगडी भिंत नव्हे. त्यातले अणू सतत हलत असतात, आणि ही हालचाल दोन्ही आयनांच्या त्रिज्यांतल्या ०.३८ अँगस्ट्रॉमच्या फरकापेक्षा कमी नसते. मग ऑक्सिजन पुढे सरसावून सोडियमला का धरत नाहीत? २००४ साली नॉस्कोव्ह, बर्नेश आणि रू यांनी गणनेतून दाखवलं की ते ऋण ऑक्सिजन एकमेकांनाही ढकलत असतात. लहान आयनभोवती फार जवळ दाटी करणं त्यांना परवडत नाही. म्हणजे निवड केवळ नळीच्या मापावर नाही, ऑक्सिजनांच्या आपसातल्या ढकलाढकलीवरही आहे.

वेगाचं उत्तरही ढकलाढकलीतच आहे. १९५५ साली हॉजकिन आणि कीन्स यांनी कटलफिशच्या चेतातंतूवरच्या प्रयोगांतून अनुमान काढलं होतं की पोटॅशियम एका रांगेत, एकामागे एक असं जात असावं. तेव्हा दाराचं प्रथिन कुणी पाहिलंही नव्हतं, हे विसरू नका. मॅकिनन यांच्या नकाशात त्या १२ अँगस्ट्रॉममध्ये आयन बसायच्या चार जागा निघाल्या. एकेका आयनला दार आवडीने धरून ठेवतं, पण मागून दुसरा धन आयन आला की पुढच्याला ढकलतो आणि तो बाहेर पडतो. दोन आयनांच्या मधे पाण्याचा एकेक रेणू असतो की आयन थेट एकमेकांना खेटून जातात, यावर अजून जुंपलेली आहे.

लिली जॅन यांच्या गटाने १९९३ साली दारांचं आणखी एक घराणं उघड केलं. त्यातलं एक हृदयातलं. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस चेता हृदयाची गती कमी करते ती एका रसायनाने, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर दाखवलं होतं. ते रसायन, अ‍ॅसिटिलकोलीन, शेवटी जे दार उघडतं तेच हे. पोटॅशियम बाहेर जातं, हृदय संथ होतं. रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोलच्या पट्ट्यात ठेवायला मूत्रपिंड एवढं राबतं ते म्हणूनच. तो पट्टा फार ओलांडला की हृदयाचे ठोकेच बिघडतात. डॉक्टरांना न विचारता पोटॅशियमची चूर्णं फाकणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असेल तर, हे वाक्य पुन्हा वाचावं. त्याने एकाग्रता वाढत नाही.

त्या नाचऱ्या ईथर-ए-गो-गो माशीच्या जनुकाचा माणसातला भाऊ हृदयाचे ठोके सावरतो. त्याचं दार एखाद्या औषधाने तुंबलं तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचं एके काळी धडाक्याने खपणारं औषध याच कारणाने बाजारातून गेलं. आता नवं औषध या दारावर तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही.

शेकरच्या मानवी भावंडात बिघाड झाला तर अधूनमधून तोल जाण्याचा आणि स्नायू थरथरण्याचा एक आनुवंशिक आजार होतो, हे १९९४ साली कळलं. २००५ साली असंही दिसलं की शेकर जनुकात बिघाड असलेल्या काही माश्या इतर माश्यांच्या एक तृतीयांशच झोपतात. आणि १९७७ साली अळीवर सोडलेलं ते ४-अमिनोपायरिडिन? मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चेतातंतूंवरचं आवरण जातं, खालची पोटॅशियमची दारं उघडी पडतात आणि संदेश वाटेतच विरतो. ही दारं थोडी तुंबवली तर काही रुग्णांना जास्त चांगलं चालता येतं. अमेरिकेत २०१० पासून ते याच कामासाठी गोळीच्या रूपात मिळतं. मात्रा मात्र काटेकोर पाळावी लागते, जास्त झाली तर फिट येऊ शकते.