सही नसली तरी नियम लागू

‘वसाहतीतल्या घरमालक संघटनेच्या कागदावर मी सही केलेली नाही, म्हणून तिचे नियम मला लागू नाहीत’ हा समज अमेरिकेत घर घेणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे. तर्क पटण्यासारखा आहे, पण बंधन सहीतून येत नाही. ते वसाहतीच्या घोषणापत्रातून, म्हणजे मूळ नियमांच्या दस्तातून, त्या जमिनीवर काउंटीत (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आधीच नोंदवलेलं असतं. खरेदीखत स्वीकारलं की घरासोबत तेही येतं. वर्गणी थकली तर बऱ्याच राज्यांत घरावर बोजा चढतो, प्रसंगी लिलावही होतो. कर्ज फिटलेल्या घराचासुद्धा! म्हणून काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून मूळ घोषणापत्र काढून खरेदीआधीच वाचा. संघटनेच्या समितीने नंतर केलेला नियम त्याच्याशी विसंगत असेल, तर सहसा घोषणापत्रच ग्राह्य धरलं जातं. संघटनेलाही मर्यादा आहेत: स्वतःच्या ताब्यातल्या जागेत १ मीटरपर्यंतची टीव्ही डिश लावायला ती सरसकट मनाई करू शकत नाही. १९९६ पासून केंद्रीय नियमच तसा आहे.