टेक्सासहून कॅलिफोर्नियात घर हलवताना : बंदुकीला ६० दिवस, मॅगझिनला एकही नाही

अमेरिकेत राज्य बदलताना बंदुकीची नोंद आणि मॅगझिनची (बंदुकीत गोळ्या भरायच्या डबीची) मर्यादा हे दोन वेगळे कायदे लागू होतात. दोन्ही एकच समजले की माणूस अडकतो. कॅलिफोर्नियात बंदूक आणल्यापासून ६० दिवसांत ती नोंदवता येते. दहापेक्षा जास्त गोळ्या मावतील असे मॅगझिन मात्र राज्यात आणणे हाच गुन्हा आहे. ते नोंदवून कायदेशीर करून घेण्याचा फॉर्मच नाही. टेक्सासमध्ये रीतसर घेतले होते, पावती आहे, हे सांगून उपयोग होत नाही.

आधी पात्रता पाहा. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक बंदूक बाळगू शकतात. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असला, तरी एच-१बीवर असेपर्यंत ही बंदी लागूच राहते. आपल्या अनेक घरांत नवरा-बायकोचा व्हिसा वेगवेगळा असतो, म्हणून हे प्रत्येकाचे स्वतंत्र तपासा.

सामान बांधण्यापूर्वी प्रत्येक मॅगझिन हातात घेऊन क्षमता बघा. ग्लॉक १९ या पिस्तुलाचे नेहमीचे मॅगझिन १५ गोळ्यांचे, ग्लॉक १७ चे १७ चे, एआर-१५ रायफलसोबत बहुधा ३० चे येते. ही सगळी टेक्सासमध्येच विका किंवा तिथल्या नातेवाइकाकडे ठेवा आणि १० ची विकत घ्या. दहाच्या मॅगझिनला खाली दोन गोळ्या वाढवणारा तळ बसवलेला असेल तर ते बाराचे धरले जाते. हे हमखास नजरेतून सुटते. सुटे भाग करून नेण्याची युक्तीही चालत नाही, कारण जोडल्यावर मोठे मॅगझिन होईल असा संच आणण्यावरही बंदी आहे. क्षमता कमी करायची तर ती कायमची हवी आणि कॅलिफोर्नियाची सीमा ओलांडण्यापूर्वीच झालेली हवी. आत नुसता सुटा ठोकळा टाकणे म्हणजे कायमचा बदल नव्हे. पॉइंट टू-टू बोअरची नळीसारखी मॅगझिन आणि लिव्हर रायफलमधली (खटका खालीवर ओढून गोळी भरायच्या रायफलमधली) नळी यांना सूट आहे.

एआर-१५ चा प्रश्न मॅगझिनवर संपत नाही. काढता येणारे मॅगझिन आणि पिस्तूलसारखी मूठ एकत्र असली, की कॅलिफोर्नियात ती असॉल्ट वेपन (बंदी असलेले शस्त्र) ठरते. ती नोंदवता येत नाही. बदल आधीच करून घ्यावे लागतात.

प्रवासात पिस्तूल रिकामे करून कुलूपबंद पेटीत किंवा डिकीत ठेवा. डॅशबोर्डचा कप्पा कुलूप लावला तरी चालत नाही. वाटेतल्या न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात मॅगझिनची मर्यादा नाही, पण कोलोरॅडोमार्गे गेलात तर तिथे ती १५ ची आहे.

पोहोचल्यावर राज्याच्या न्याय विभागाचा बीओएफ ४०१०ए हा फॉर्म ऑनलाइन किंवा टपालाने भरा. शुल्क १९ डॉलर. कॅलिफोर्नियाचे लायसन्स किंवा ओळखपत्र लागते, म्हणून डीएमव्हीची (लायसन्स देणाऱ्या खात्याची) वेळ पहिल्याच आठवड्यात घ्या. ६० दिवस तिथेच सरतात. बंदुकीची कंपनी, मॉडेल, बोअर, नळीची लांबी आणि अनुक्रमांक हा तपशील फोटोवरून नव्हे, प्रत्यक्ष बंदुकीवरून उतरवा. शून्य आणि ओ यांची गल्लत झाली, तर नोंद दुसऱ्याच बंदुकीची होते.

दुसऱ्या राज्यात जाणार असाल, तर न्यू जर्सीतही मॅगझिनची मर्यादा १० ची आहे. इलिनॉयमध्ये लांब बंदुकीला १० आणि पिस्तुलाला १५.